हिशेबात न धरलेला हात

वर्गातल्या एखाद्या मुलाला पाठमोरं उभं करा. त्याला एक हात बाजूनं हळूहळू वर, अगदी कानाला लागेपर्यंत न्यायला सांगा आणि बाकीच्यांना त्याच्या पाठीकडे बघू द्या. हात थोडा वर गेला की पाठीवरचं फावड्याच्या आकाराचं हाड बरगड्यांवरून सरकताना दिसेल. पूर्ण वर गेलेला हात सुमारे १८० अंशांतून फिरलेला असतो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात दंडाचं हाड फिरल्यानं मिळतात आणि उरलेले ६० अंश या फावड्यासारख्या हाडाच्या सरकण्यानं. अमेरिकेतल्या व्हर्न इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये ही दोनास एक अशी वाटणी मांडली. म्हणजे फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिणं हे काही एकट्या खांद्याचं काम नाही. छाती, पाठ आणि काख यांनी मिळून ते केलेलं असतं.

स्तनाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया झालेल्या अनेक स्त्रियांना नेमकी हीच हालचाल अवघड होऊन बसते. वेणी घालणं, पाठीमागे हात नेणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं जमेनासं होतं. काहींचा हात सुजतो आणि सुजलेलाच राहतो. आज यातलं बरंचसं टाळता येतं, काही भरूनही काढता येतं. पण इथवर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. एवढा वेळ का लागला असेल? खांद्याची रचना तर वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होती. आम्हाला वाटतं, याचं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे : शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे ठरवताना काय मोजायचं?

स्तनाचा आणि हाताचा संबंध काय?

आधी रचना समजून घेऊ. स्तन छातीच्या मोठ्या स्नायूवर असतो. या स्नायूचं एक टोक छातीच्या हाडांना आणि दुसरं दंडाच्या हाडाला जोडलेलं असतं. हात पुढे आणि आत ओढायचं काम तो करतो. त्याच्याखाली एक लहान स्नायू असतो. तो बरगड्यांपासून निघून मघाच्या फावड्यासारख्या हाडाला जाऊन मिळतो.

दुसरा दुवा लसिकेचा. रक्तातला थोडा द्रव केशवाहिन्यांमधून सतत बाहेर पाझरत असतो. त्यातला बराच परत रक्तात जातो. उरलेला द्रव लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्यांतून, वाटेत लसिकाग्रंथींमधून गाळला जाऊन, शेवटी पुन्हा रक्तात मिसळतो. काखेत अशा साधारण २० ते ३० ग्रंथी असतात आणि स्तन व हात या दोघांचीही लसिका त्यांच्याकडेच येते. दोन गल्ल्यांचं पाणी एकाच मोरीतून जावं, तसं हे आहे. स्तनातल्या कर्कपेशी पसरताना बहुधा याच ग्रंथींमध्ये आधी अडकतात. म्हणून शल्यचिकित्सक काखेतल्या ग्रंथी काढतात, आणि मग हाताच्या लसिकेची वाटही अडते.

तिसरा दुवा चेतातंतूंचा. काखेतून जाणारा एक लांब तंतू फावड्यासारखं हाड बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूला हुकूम देतो. त्याला इजा झाली, तर भिंतीला हात टेकून रेटा देताना ते हाड पंखासारखं मागे उचललं जातं. दुसरा एक बारीक तंतू दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना वाहून नेतो. तो तुटला की तिथे बधिरपणा येतो.

हॉलस्टेडचा हिशेब

विल्यम हॉलस्टेड हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे नामांकित शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेच्या वेळी हातमोजे घालायची पद्धत रुळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जंतुनाशक द्रवांमुळे त्यांच्या परिचारिकेच्या हातांची आग होत असे, म्हणून १८९०च्या सुमारास त्यांनी एका रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करून घेतले. पुढे त्या दोघांचं लग्न झालं.

हॉलस्टेड यांचं नाव गाजलं ते मात्र दुसऱ्या कारणानं. १८९४ मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ५० शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. कर्करोग मूळ जागेपासून सलग, पायरीपायरीनं पसरतो, अशी त्यांची धारणा होती. तेव्हा तो मुळासकट उपटायचा, तर स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी हे सारं एकसंध काढायला हवं. ‘रॅडिकल’ या शब्दाच्या पोटात ‘मूळ’ हाच अर्थ आहे. म्हणून या शस्त्रक्रियेला रॅडिकल मॅस्टेक्टॉमी म्हणू लागले.

त्या काळच्या मानानं हे फार मोठं यश होतं. शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी कर्करोग पुन्हा उद्भवणं तेव्हा नित्याचं होतं. युरोपातल्या नामवंतांच्या रुग्णांमध्येही निम्म्याहून अधिक जणींच्या बाबतीत असं होई. हॉलस्टेड यांच्या अहवालात हे प्रमाण होतं सुमारे ६ टक्के. त्यांच्याकडे येणाऱ्या गाठी बऱ्याचदा मोठ्या, उशिरा दाखवलेल्या असत, हेही ध्यानात घ्यायला हवं.

पण हाताचं काय? हॉलस्टेड यांना तो प्रश्न दिसत होता. त्यांनी त्याचं उत्तरही लिहून ठेवलं. अपंगत्व कितीही मोठं असलं तरी रुग्णाच्या जिवापुढे त्याचं महत्त्व फार थोडं, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय या स्त्रिया वयस्क आहेत, त्यांचं सरासरी वय ५५च्या जवळ आहे, समाजाच्या कामात त्यांचा आता फारसा सहभाग नाही, असंही कारण त्यांनी जोडलं.

यातलं पहिलं वाक्य एका डॉक्टरचं आहे. दुसरं कोणाचं आहे? ५५ वर्षांची बाई दिवसभर हातानं किती कामं करते, हे रुग्णालयाच्या खोलीतून दिसत नव्हतं. हिशेबाच्या वहीत दोनच रकाने होते : कर्करोग उलटला का, आणि रुग्ण जिवंत आहे का. हाताला रकानाच नव्हता. हॉलस्टेड यांनी १९२१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, शस्त्रक्रियेनंतर सुजणाऱ्या हाताविषयी लेख लिहिला आणि त्या सुजेला ‘शस्त्रक्रियेचा हत्तीरोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्यांची शस्त्रक्रिया त्यानंतरही पन्नास वर्षं अमेरिकेत प्रमाण मानली गेली.

व्यायाम कोणासाठी?

आता कोणी म्हणेल, त्या काळी व्यायामोपचाराचं शास्त्रच नसेल. तसंही नाही. ज्या १८९४ साली हॉलस्टेड यांचा अहवाल आला, त्याच साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मर्दनाचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची संघटना काढली. ब्रिटनमधल्या भौतिकोपचार व्यवसायाचा उगम तिथे आहे. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक जायबंदी होऊन परतले. त्यांचे हातपाय पुन्हा चालते करायला अमेरिकेनं १९१८ च्या सुमारास स्त्री भौतिकोपचारकांची पथकं उभी केली. त्यांतल्या मेरी मॅकमिलन १९२१ मध्ये अमेरिकी भौतिकोपचारकांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी तर खांद्यावरच आयुष्य घालवलं. त्यांचा खांद्यावरचा ग्रंथ १९३४ मध्ये आला. कमरेत वाकून, हात सैल सोडून लंबकासारखा हलवायचा, हा व्यायाम त्यांच्याच नावानं ओळखला जातो. हात वर उचलायला स्नायूंना जो जोर लावावा लागतो तो यात लागत नाही. गुरुत्वाकर्षण मदतीला येतं. कॉडमन यांचा आणखी एक आग्रह होता : रुग्ण घरी गेल्यावर वर्षभरानं त्याचं काय झालं हे रुग्णालयानं शोधून काढावं आणि लिहून ठेवावं. सहकाऱ्यांना तो फारसा रुचला नाही.

तेव्हा ज्ञान होतं, माणसंही होती. सैनिकाच्या किंवा कामगाराच्या हाताची किंमत समाजाला कळत होती, म्हणून ते ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचलं. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाई मात्र जीव वाचल्याबद्दल आभार मानून घरी जाई आणि हाताचं पुढे काय करायचं हे तिचं तिलाच शोधावं लागे.

चेंडू आणि दोरी

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरिस लॅसर यांच्यावर रॅडिकल मॅस्टेक्टॉमी झाली. हात पुन्हा कसा वापरायचा, कपडे कसे घालायचे, घरी काय सांगायचं, या त्यांच्या प्रश्नांना डॉक्टरांकडून समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत. मग त्यांनी व्यायाम करून हात सुधारला आणि त्या रुग्णालयांत इतर स्त्रियांना भेटू लागल्या. स्वतःचा हात डोक्यावर उचलून दाखवत. त्यांच्याबरोबर एक लहानशी पिशवी असे. तीत दाबायला रबरी चेंडू, हात वर ओढायला दोरी, कपड्यांच्या आत घालायचा तात्पुरता कृत्रिम स्तन आणि माहितीपुस्तिका. बोटांनी भिंतीवर ‘चढत’ जायचं आणि रोज थोडी वरची खूण गाठायची, हा व्यायामही त्यात होता.

अनेक शल्यचिकित्सकांना हे आवडलं नाही. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बाईनं आपल्या रुग्णाला सल्ला द्यावा हे त्यांना खपत नव्हतं. लॅसर थांबल्या नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं त्यांचं काम आपलंसं केलं, आणि १९७०च्या दशकात ते युरोपात पोचलं.

आम्हा विज्ञानात काम करणाऱ्यांना यात शिकण्यासारखं आहे. लॅसर यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यांचा प्रत्येक व्यायाम योग्यच होता हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण भिंतीवरची रोजची खूण हे मोजमापच होतं. हाताचा रकाना वहीत पहिल्यांदा आखला गेला तो एका रुग्णाकडून.

सुरी लहान होते

दरम्यान शस्त्रक्रियाही बदलत होती. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेव्हिड पेटी १९३० च्या दशकापासून छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवून शस्त्रक्रिया करत होते. १९४८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्नायू ठेवल्यानं रुग्णांचं आयुष्य घटलं असं दिसत नव्हतं.

खरा निर्णय व्हायला मात्र नीट आखलेला प्रयोग हवा होता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली तो १९७१ मध्ये सुरू झाला. काखेत गाठ न लागलेल्या १०७९ स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत वाटल्या. एका गटावर हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया, दुसऱ्यात फक्त स्तन काढून किरणोपचार, तिसऱ्यात फक्त स्तन काढणं आणि काखेत पुढे रोग दिसला तरच तिथल्या ग्रंथी काढणं. २५ वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २००२ मध्ये आला : तिन्ही गटांच्या आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पहिल्या काही वर्षांतच कल स्पष्ट झाला होता. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांवर असाच प्रयोग करून स्तनाचा फक्त रोगट भाग काढला, किरणोपचार दिले आणि १९८१ मध्ये तसाच निष्कर्ष मांडला.

याचा अर्थ काय झाला? ‘जीव की हात’ असा जो सौदा मानला जात होता, तो बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत खरा नव्हता. छातीच्या स्नायूंचा बळी देऊन आयुष्य वाढत नव्हतं.

काख उरली होती. १९९०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड क्राग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि अर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरून, स्तनातून निघालेली लसिका काखेतल्या कोणत्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचते हे शोधायची पद्धत आणली. या ‘पहारेकरी’ ग्रंथीत कर्कपेशी नसतील तर पुढच्या ग्रंथी काढायची गरज नाही, असा तर्क. ५६११ स्त्रियांवरच्या प्रयोगानं २०१० मध्ये तो बरोबर ठरवला. काख कमी उघडल्यामुळे हाताची सूज आणि बधिरपणा पुष्कळ कमी झाला.

‘त्या हातानं काही उचलू नका’

आता आणखी एक अडसर बघू. ग्रंथी काढलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षं सांगितलं जाई : त्या हाताला जोराचं, पुन्हा पुन्हा करावं लागणारं काम देऊ नका, नाहीतर तो सुजेल. कष्टानं रक्तप्रवाह वाढेल, लसिका जास्त तयार होईल आणि अरुंद झालेल्या वाटेत ती तुंबेल, हा त्यामागचा तर्क. ऐकायला पटतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. हाताच्या लसिकेला हृदयासारखा मोठा पंप नाही. स्नायू आवळले की वाहिन्या दाबल्या जातात आणि त्यांतल्या झडपांमुळे लसिका पुढेच सरकते. न वापरलेल्या हाताचं हे बळही जातं. दोन तर्क समोरासमोर उभे असले की प्रयोग करावा लागतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या २४ स्त्रियांना गोळा केलं, टप्प्याटप्प्यानं व्यायाम दिला आणि चिनी परंपरेतल्या लांब ड्रॅगन होडीत वल्ही मारायला बसवलं. वल्हवणं म्हणजे नेमकं निषिद्ध मानलेलं काम. त्या हंगामात एकीलाही नव्यानं सूज आली नाही. प्रयोग लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. तो गट असलेला प्रयोग कॅथरिन श्मित्झ यांनी अमेरिकेत केला. आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींनी वर्षभर, देखरेखीखाली सुरुवात करून, हळूहळू वाढवत वजनं उचलली. २००९ मध्ये निष्कर्ष आला : सूज वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के, तर करणाऱ्यांत १४ टक्के स्त्रियांवर आले.

व्यायाम कधी सुरू करायचा हाही प्रश्न होता. २०१० मध्ये २४ अभ्यास एकत्र तपासले गेले. पहिल्या तीन दिवसांतच खांद्याचा व्यायाम सुरू केला तर हालचाल लवकर सुधारते, पण जखमेतून द्रव जास्त दिवस पाझरतो, असं दिसलं. ब्रिटनमधल्या १७ केंद्रांतल्या ३९२ स्त्रियांवरचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना खांद्याचा त्रास होण्याचा धोका अधिक होता. शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी भौतिकोपचारकाकडून बेतलेला व्यायाम मिळालेल्या स्त्रियांचा हात, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा वर्षानंतर चांगला चालत होता. हाताच्या अडचणी ० ते १०० अशा मापानं मोजल्या (० म्हणजे काहीच अडचण नाही). पहिल्या गटाची सरासरी १६.३ आली, दुसऱ्याची २३.७.

आपल्याकडचा रकाना

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथून जवळच, के.ई.एम. रुग्णालयात, १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं भौतिकोपचाराची शाळा निघाली. पोलिओच्या रुग्णांची गरज हे त्यामागचं मोठं कारण होतं. अलीकडच्या काळात टाटा रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी काखेतला फक्त खालचा, एका ठरावीक चेतातंतूच्या खालचा भाग तपासायची पद्धत पारखून पाहिली. किरणोत्सारी द्रव्य आणि ते मोजायची यंत्रं जिथे नाहीत, तिथेही पूर्ण काख उघडणं टळावं, हा तिचा उद्देश. याची आपल्याला गरज आहे, कारण आपल्याकडे बऱ्याच स्त्रिया उशिरा दवाखान्यात पोचतात आणि त्यांच्या काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्याच लागतात. अशा वेळी व्यायामाचं महत्त्व आणखी वाढतं.

शाळेतल्या एखाद्या बाई अशा शस्त्रक्रियेनंतर कामावर परततात तेव्हा सहकारी मायेनं म्हणतात, ‘तुम्ही काही उचलू नका हं.’ त्यामागची भावना चांगलीच असते. पण त्यांच्या डॉक्टरांनी आणि भौतिकोपचारकानं सांगितलेल्या बेतानं हात रोज वापरणं हेच त्यांच्या हिताचं आहे. एकदम जड ओझं नको. सूज, लाली किंवा ताप आला तर लगेच दाखवायला हवं. बाकी फळा त्यांनाच लिहू द्यावा. वरपर्यंत हात जात नसेल तर आज जिथपर्यंत जातो तिथून सुरुवात करावी.

शेवटी वर्गात करण्यासारखा एक उपक्रम. हाताची अडचण मोजायला जगभर वापरली जाणारी, ३० प्रश्नांची एक प्रश्नावली १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी तयार केली. घट्ट बरणी उघडता येते का, किल्ली फिरवता येते का, उंचावरचा दिवा बदलता येतो का, पुलओव्हर घालता येतो का, असं ती विचारते. करमणुकीच्या कामांत गोल्फ आणि टेनिसचाही उल्लेख आहे. भाकरी थापणं, साडी नेसणं, कळशी उचलणं, मुलीची वेणी घालणं मूळ यादीत नाही. मुलांना सांगा : एक दिवस आपल्या आईच्या किंवा आजीच्या हातांकडे लक्ष ठेवा आणि खांद्याच्या वर हात न्यावा लागणारी, पाठीमागे न्यावा लागणारी, जोर लावावा लागणारी कामं वेगवेगळी लिहून काढा. मग सगळ्यांच्या याद्या एकत्र करून तीस प्रश्न ठरवा. कोणती कामं ठेवायची आणि कोणती गाळायची यावरून वर्गात वाद होईल. तो होऊ द्या. वहीत कोणते रकाने आखायचे हा वाद वैद्यकातही असाच, शंभर वर्षं चालला.